खेळणाऱ्याच्या तालावर

2017 साली 'ड्रॅगन क्वेस्ट ११' हा व्हिडिओ गेम जपानमध्ये आला आणि पुढच्या वर्षी उरलेल्या जगात. चित्रं देखणी, गोष्ट ऐसपैस, समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं. तक्रार एकच होती, पण ती सगळीकडून आली: संगीत. एवढा मोठा, एवढा खर्चिक गेम आणि त्यातली तुतारी संगणकाची, व्हायोलिनंही संगणकाची! चीड यायला आणखी एक कारण होतं. या मालिकेच्या चाली 1986 पासून खऱ्याखुऱ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या जात होत्या, त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघत होत्या, सभागृहं भरत होती. मग गेममध्येच त्या का नसाव्यात? काही हौशी मंडळींनी तर संगणकावरच्या आवृत्तीच्या फायली उघडून संगीत स्वतःच बदलून टाकलं. अखेर 2019 साली निन्टेन्डो स्विचवर आलेल्या सुधारित आवृत्तीत टोकियो मेट्रोपॉलिटन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं वादन आलं. सोबत मेनूत एक पर्यायही आला: वाद्यवृंद हवा की सिंथेसायझर?

अशी संधी क्वचित मिळते. संगीतकार तोच, चाल तीच, प्रसंग तोच आणि वाजवणारा तेवढा वेगळा. गावात शिरावं, वाद्यवृंद लावावा. व्हायोलिनं श्वास घेताना ऐकू येतात, बासरी वाक्याच्या शेवटी किंचित रेंगाळते. सिंथेसायझरच्या आवृत्तीत यातलं काही नाही, तिथे सगळे सूर एका मापाने कापलेले. इथवर तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण मग गावाबाहेर पडून लढाया सुरू कराव्यात. या गेममध्ये लढाईचं संगीत शेकडो वेळा सुरू होतं आणि शत्रू पडला की जिथे असेल तिथे तुटतं. कधी वीस सेकंदांत, कधी मुखडा पुरा व्हायच्या आत. साठ माणसांनी जीव ओतून वाजवलेलं वाक्य असं अर्ध्यावर छाटलं गेलं की माझ्या कानाला ते खटकतं. सिंथेसायझरचं तुटलं तर फारसं काही वाटत नाही. ते जणू तुटण्यासाठीच रचलेलं असतं.

खरं की कृत्रिम, या वादात एक गोष्ट बहुतेक वेळा निसटते. चित्रपटाच्या संगीतकाराला नायक दाराशी कधी पोचणार ते सेकंदापर्यंत ठाऊक असतं. गेमच्या संगीतकाराचा नायक दाराशी पोचेलही, किंवा दाराबाहेर उभा राहील आणि त्याला चालवणारा उठून चहा टाकायला जाईल. संगीताने तोवर काय करायचं? हा प्रश्न ज्याने जितका चांगला सोडवला, तितकं त्याचं गेमसंगीत चांगलं, असं माझं मत आहे. वाजवणारी माणसं होती की चिप होती, हा त्यानंतरचा मुद्दा.

सुरुवातीला निवड करायला वाव नव्हताच. तैतो कंपनीचा, तोमोहिरो निशिकादो यांनी घडवलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' 1978 चा. त्यात संगीत म्हणजे खर्जातले चार उतरते सूर, पुन्हा पुन्हा. परग्रहवासी खाली सरकतात, तुम्ही त्यांना टिपता, संख्या कमी होते तसा त्यांचा वेग वाढतो आणि त्यासोबत त्या चार सुरांचाही. शेवटचा एकटा उरतो तेव्हा ते सूर छातीच्या ठोक्यांसारखे धावत असतात. चार सूर, पण खेळणाऱ्याच्या हातात हात घालून चालणारे. गेमसंगीताचं मर्म पहिल्याच पिढीत सापडलं होतं आणि ते सापडायला ना व्हायोलिन लागलं ना तुतारी.

1983 साली निन्टेन्डोचं फॅमिकॉम हे गेमयंत्र आलं. त्याच्या चिपमध्ये आवाजाच्या पाच वाहिन्या होत्या. दोन पल्स तरंगांच्या, त्यांचा आवाज धारदार, पिपाणीच्या अंगाने जाणारा. एक त्रिकोणी तरंगाची, मऊ, बहुधा खर्जासाठी वापरली जाणारी. एक नुसत्या खरखरीची, तिच्यातूनच ढोल, झांज, स्फोट सगळं काढायचं. पाचवी ध्वनिमुद्रित आवाजांचे बारके, भरड तुकडे वाजवणारी. कोजी कोंदो यांनी 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं संगीत एवढ्यावर केलं. तो अख्खा गेम, चित्रं, नियम, संगीत मिळून 40 किलोबाइटांचा. सीडीवर एका सेकंदाच्या आवाजाला सुमारे 176 किलोबाइट लागतात. म्हणजे सीडीच्या दर्जाचा आवाज साठवायचा म्हटला तर सगळा मारिओ पाव सेकंदाच्याही आत संपतो. तेव्हा आवाज साठवण्याचा प्रश्नच नव्हता. साठवायची ती सूचना: अमुक वाहिनीवर अमुक सूर इतका वेळ. सूर चिप तिथल्या तिथे घडवत असे.

आणि मारिओने नाणं उचललं की त्या आवाजालाही वाहिनी लागते. ती कुठून आणायची? चालू संगीतातलीच एक हिसकावून घ्यायची. क्षणभर एक सूर गायब होतो, नाणं खणकतं, सूर परत येतो. गेम खेळताना हे ध्यानात येत नाही, मुद्दाम कान देऊन ऐकलं तर मात्र फटी सापडतात. चाल अशी बांधावी लागे की तिच्यातून एक धागा ओढला तरी ती विस्कटू नये. घड्याळ 100 वर आलं की तीच चाल जास्त घाईने सुरू होते आणि भलेभले खेळणारे तिच्या तालावर उड्या चुकतात. ध्वनिमुद्रण नसल्यामुळे हे फुकटात होत होतं. सूचनांचा वेग वाढवला, संपलं.

या तुटपुंज्या सामग्रीपाशी एक पोक्त संगीतकार मोठ्या गमतीशीर वाटेने आला. कोइची सुगियामा हे जपानमधले नावाजलेले गृहस्थ, दूरचित्रवाणी, जाहिराती, पॉप गाणी यांचे संगीतकार. जन्म 1931 चा. त्यांना गेमचा नाद. एनिक्स कंपनीच्या शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या गेमबरोबर ग्राहकांच्या अभिप्रायासाठी कार्ड आलं होतं. ते त्यांनी भरलं आणि ते टपालात पडलं. कंपनीतल्या कुणीतरी नाव वाचलं आणि चमकलं: हे ते सुगियामा तर नव्हेत? तेच होते. त्यातून 1986 चा पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' त्यांच्याकडे आला. त्याची सुरुवातीची धून पाच मिनिटांत सुचली, असं ते सांगत आणि वर पुस्ती जोडत की पाच मिनिटं आणि त्याआधीच्या आयुष्याची चोपन्न वर्षं.

वाहिन्या कमी आहेत म्हणून सुगियामा रडत बसले नाहीत. पाश्चात्त्य संगीतात बाखच्याही आधीपासून दोन-तीन स्वतंत्र ओळी एकमेकींत गुंफून भरगच्च संगीत उभं करायची विद्या होतीच. 'ड्रॅगन क्वेस्ट'मधल्या राजवाड्याचं संगीत ऐका. वर एक चाल, खाली खर्जाची दुसरी, दोघी आपापल्या वाटेने चालतात आणि बरोबर जागी भेटतात. पिपाणीच्या आवाजातही दरबार उभा राहतो. ऑगस्ट 1987 मध्ये टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये हेच संगीत वाद्यवृंदाने वाजवलं आणि गेमसंगीताची मैफल ही गोष्ट तिथून सुरू झाली. गमतीचा भाग असा की ती मैफल ऐकून घरी आलेली मुलं पुन्हा चिपवरचंच संगीत ऐकत खेळत होती आणि त्यांना त्यात काही कमी वाटत नव्हतं. पुढे 23 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशीचे संघ मैदानात यायला लागले ते 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या त्या सुरुवातीच्या धुनेवर. सुगियामा त्यानंतर दोन महिन्यांनी, नव्वदाव्या वर्षी गेले.

सूर न साठवता सूचना साठवण्याचा सर्वांत हुशार वापर मात्र अमेरिकेत झाला. 'मंकी आयलंड'च्या दुसऱ्या भागासाठी, 1991 मध्ये, लुकासआर्ट्सच्या मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी 'आयम्यूज' नावाची यंत्रणा बांधली. तिची करामत वूडटिक या गावात दिसते. गाव म्हणजे मोडक्या जहाजांचे सांगाडे एकमेकांना टेकवून केलेली वस्ती. बाहेर फिरताना एक संथ, डुलती धून चालू असते. एखाद्या खोपटात शिरलात की तीच धून वळण घेते, वाद्य बदलतं, त्या खोपटातल्या माणसाच्या स्वभावाची एक नवी ओळ वर चढते. बाहेर आलात की ती ओळ आपलं वाक्य पुरं करून बाजूला होते. कुठेही सांधा दिसत नाही. कारण यंत्रणा दार उघडल्याबरोबर संगीत तोडत नाही. ती पुढच्या सोयीच्या मात्रेपर्यंत थांबते, लागला तर दोन मात्रांचा जोड घालते आणि मग वळते. आपल्याकडचा तबलजी गवयाकडे नजर ठेवून समेवर येतो, त्याच जातीचं हे भान, फक्त नजर इथे खेळणाऱ्याच्या पावलांवर. हे शक्य झालं कारण संगीत मिडीच्या रूपात होतं, म्हणजे कोणतं वाद्य, कोणता सूर, किती जोराने, एवढ्या नोंदी. नोंदी हव्या तिथे वळवता येतात. ध्वनिमुद्रण असं वळत नाही.

दरम्यान कृत्रिम आवाज खऱ्याच्या जवळ सरकत होता. 1990 च्या सुपर फॅमिकॉमची ध्वनिचिप सोनीची, पुढे प्लेस्टेशनचे जनक म्हणून नाव झालेल्या केन कुतारागी यांची. ती तरंग घडवण्याऐवजी खऱ्या वाद्याचा मुद्रित तुकडा घेऊन हव्या त्या उंचीवर वाजवी. स्मृती 64 किलोबाइट, तीत सगळी वाद्यं बसवायची. व्हायोलिनचा सेकंदभराहूनही छोटा तुकडा घ्यायचा आणि त्याची शेपटी गोल फिरवत ठेवायची. अशा आठ आवाजांवर नोबुओ उएमात्सु यांनी 1994 च्या 'फायनल फँटसी ६'मध्ये चक्क ऑपेराचा प्रवेश रचला. नायिका रंगमंचावर गाते, शब्द पडद्यावर उमटतात आणि गळा म्हणून ऐकू येतो तो एक धूसर 'आ'कार. ना स्त्री, ना वाद्य. तरी त्या प्रवेशाने तेव्हाच्या पोरांना रडवलं होतं. अलीकडे मैफलींत खऱ्या गायिका तेच गातात, उत्तम गातात. मला तो धूसर 'आ'कार अजूनही जास्त आवडतो, कारण त्यात उरलेला अर्धा आवाज ऐकणाऱ्याने घालायचा असतो.

तीन वर्षांनी 'फायनल फँटसी ७' प्लेस्टेशनवर आला तेव्हा सीडी हाताशी होती. आता वाद्यवृंद मुद्रित करून थेट तबकडीवरून वाजवता आला असता. उएमात्सुंनी ते टाळलं. सीडीचा वाचक एका वेळी एकाच जागी वाचतो. तो संगीत वाचत बसला तर पुढची खोली, पुढचा शत्रू कोण वाचणार? खेळणाऱ्याला ताटकळत ठेवण्यापेक्षा संगीत यंत्राच्या आतल्या सिंथेसायझरवरच बरं, असा हिशेब झाला. अपवाद फक्त शेवटच्या लढाईचा. तिथे खऱ्या गायकवृंदाचे लॅटिन शब्द मुद्रित करून घातले. कित्येक तास कृत्रिम सुरांची सवय झालेल्या कानावर अचानक माणसांचे गळे आदळतात. सबंध गेम वाद्यवृंदाने वाजवला असता तर त्या गळ्यांचा धसका बसला असता का? मला शंका आहे.

वाद्यवृंद आत आला तो याच सुमाराला, मुख्यतः अमेरिकेतून. 1997 मध्ये 'द लॉस्ट वर्ल्ड: जुरासिक पार्क' या गेमसाठी मायकल जियाकिनो या तरुणाला खरा वाद्यवृंद मिळाला. दोन वर्षांनी 'मेडल ऑफ ऑनर'ही त्याने केला आणि पुढे चित्रपटांत जाऊन 'अप'साठी ऑस्कर मिळवलं. 1997 मध्येच 'टोटल ॲनाहिलेशन'साठी जेरेमी सोल यांनी वाद्यवृंद वापरला. मग रीघच लागली. लंडन, प्राग, मॉस्को, बुडापेस्ट. खोक्यावर 'भव्य वाद्यवृंदाचं संगीत' असं छापण्यात एक प्रतिष्ठा होती. गेम हा पोरखेळ राहिला नाही, चित्रपटाच्या पंगतीला बसलाय, हे सांगायची ती पद्धत होती.

आपल्याकडच्या मंडळींना हा क्रम उलटा वाटेल. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये शंकर-जयकिशनच्या काळात सॅबेस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा लिहीत, त्या रांगांत बसणारे पुष्कळसे वादकही गोव्याचेच. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कीबोर्ड आला, एका माणसाच्या दोन हातांत सगळी रांग मावू लागली आणि त्या वादकांचं काम आटत गेलं. सिनेमात माणसाची जागा यंत्राने घेतली, त्यामुळे सिंथेसायझर म्हटलं की आपल्याला आधी हानी आठवते. गेममध्ये यंत्र आधीपासून होतं, माणूस मागाहून आला. तिथल्या सिंथेसायझरने कुणाची खुर्ची काढून घेतली नव्हती, त्याने स्वतःची भाषा घडवली होती.

माणूस आला तेव्हा जे हरवलं ते लगेच कुणी बोललं नाही. मुद्रित संगीत वळत नव्हतं. तीन मिनिटांचा भव्य तुकडा वाजायचा, संपायचा, शांतता, पुन्हा पहिल्यापासून. शत्रू समोर आला की जुना तुकडा मंदावून विरायचा आणि नवा सुरू व्हायचा. वूडटिकच्या खोपटांत जे सहज होत होतं ते साठ माणसांना जमेना. ऐकायला शाही, वागायला ताठ, असा तो प्रकार होता आणि पुष्कळ गेममध्ये अजूनही आहे. यातले काही भव्य तुकडे मी लागोपाठ ऐकून पाहिले आहेत. कोणता कोणत्या गेमचा हे ओळखता येत नाही. तुताऱ्या, ढोल, लॅटिनसारखं काहीतरी पुटपुटणारा गायकवृंद, बस्स.

निन्टेन्डो या बाबतीत सावध होती. 2007 च्या 'सुपर मारिओ गॅलक्सी'ची गोष्ट म्हणूनच उद्बोधक आहे. माहितो योकोता यांनी आधी लॅटिन अमेरिकी बाजाचं, लाडिक संगीत केलं. कोंदोंनी ते नाकारलं. मारिओ गोंडस आहे हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं, असा त्यांचा रोख. योकोतांनी मग तीन नमुने केले: एक वाद्यवृंदाचा, एक पॉप, एक दोन्हींची सरमिसळ. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी वाद्यवृंदाचा निवडला, अंतराळाचा विस्तार त्यात आहे म्हणून. पण अट होती की मारिओचा चटपटीतपणा जाता कामा नये. तेव्हा मुद्रित वाद्यवृंदाच्या जोडीने मिडीच्या नोंदीही चालत्या ठेवल्या आणि खेळातले आवाज त्यांच्या आधाराने संगीताच्या तालात बसवले. आणि एक पातळी आहे जिथे मारिओ चेंडूवर तोल सांभाळत चालतो. तिथे चेंडू जोरात गडगडला की संगीत धावतं, मंदावला की रेंगाळतं. वाद्यवृंद हवा होताच, पण जिथे खेळणाऱ्याशी बांधून घ्यायचं तिथे त्याच्या भव्यतेचा मोह धरला नाही.

वाद्यवृंदाला वळायला शिकवणं ही गेल्या वीसेक वर्षांतली खरी कारागिरी. एक रीत थरांची. एकच तुकडा, पण तंतुवाद्यं वेगळी, पितळी वाद्यं वेगळी, तालवाद्यं वेगळी मुद्रित करायची. गेममध्ये हे सगळे थर एकाच वेळी चालू असतात, काही मुके ठेवलेले. धोका जवळ आला की ताल उघडायचा, तलवार उपसली की पितळ. ऐकायला सोपं, पण स्टुडिओत याची किंमत मोजावी लागते. एरवी तुतारीवाला समोरच्या व्हायोलिनांचा जोर ऐकून आपला जोर ठरवतो. इथे तो कानात आधीच मुद्रित झालेली व्हायोलिनं घेऊन रिकाम्या सभागृहात एकटा फुंकतो. माणसांनी एकत्र वाजवण्यात जी देवाणघेवाण असते, जिच्यासाठी खरा वाद्यवृंद आणला, तीच थोडी खर्ची पडते.

दुसरी रीत तुकड्यांची. संगीत चार-आठ मात्रांच्या खंडांत कापून ठेवायचं आणि प्रसंग पाहून जोडत जायचं. इथे अडचण येते घुमाऱ्याची. सभागृहात तुतारी थांबल्यावरही दोन सेकंद ती भिंतींत घुमत असते. खंड काटेकोर मापाने कापला तर घुमारा तुटतो आणि कानाला लगेच कळतं की कात्री लागली. म्हणून प्रत्येक खंडाची शेपूट राखून ठेवतात आणि ती पुढच्या खंडावर विरघळू देतात. शिवाय कोणताही खंड कोणत्याही खंडाला जुळायचा तर पट्टी आणि लय आवरती घ्यावी लागते. 2010 च्या 'रेड डेड रिडेम्प्शन'मध्ये बिल एल्म आणि वूडी जॅक्सन यांनी बहुतेक संगीत एकाच पट्टीत, ए मायनरमध्ये आणि एकाच लयीत, मिनिटाला 130 ठोक्यांवर केलं. वाजवणारी माणसं खरी, गिटार, तुतारी, शीळ सगळं खरं. पण शिस्त चिपच्या काळची.

इकडे सिंथेसायझर जागेवर थांबला नव्हता. आता सिंथेसायझर म्हणतात ते बहुधा नमुन्यांचं भांडार असतं. नुसते सूर साठवून भागत नाही याचं कारण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पेटीवर मींड निघत नाही, हा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घातलाय, आकाशवाणीने तर त्यापायी पेटीला तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं. व्हायोलिनचे सुटे सूर मुद्रित करून कीबोर्डवर मांडले की त्याची पेटी होते: सूर बरोबर, मधली वाट गायब. हर्ब टुकमांडल या चेलोवादकाने व्हिएन्नात सुरू केलेल्या व्हिएन्ना सिम्फनिक लायब्ररीने या शतकाच्या आरंभी त्यावर उपाय काढला. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना जे घडतं, ते सरकणं, तेही प्रत्येक अंतरासाठी वेगळं मुद्रित करायचं. एकच सूर हळू, मध्यम, जोरात. ओढून, तोडून, बोटाने छेडून. आणि तोच सूर तसाच पुन्हा चार-पाच वेळा, कारण एकच मुद्रण लागोपाठ वाजलं की बंदुकीच्या फैरींसारखं कानावर आदळतं. माणूस दोन वेळा हुबेहूब सारखं वाजवत नाही, म्हणून यंत्राला माणसाच्या या कमीअधिकपणाचा साठा करून द्यायचा. बारकाईने पाहिलं तर या भांडारातला सूर न् सूर कुणीतरी वादकाने प्रत्यक्ष वाजवलेला असतो.

त्यामुळे आज सीमारेषा धूसर आहे. 2011 च्या 'स्कायरिम'चा गाजलेला गायकवृंद तीसेक माणसांचा, तीन थरांत मुद्रित करून नव्वदांचा केलेला. कमी पैशांत काम करणारे संगीतकार सगळा वाद्यवृंद भांडारातून उभा करतात आणि वर एकच व्हायोलिन किंवा चेलो खरा वाजवून घेतात. कान त्या एकाला धरतो आणि मागच्या पन्नासांनाही खरं समजतो. ही युक्ती इतकी चालते की चांगल्या जाणकारांचीही फसगत होते. गेमला तास-तासांचं संगीत लागतं आणि वाद्यवृंदाचं सत्र तीन तासांचं. त्यात नीट मुद्रित होतात ती मोजकी मिनिटं. सगळं खरं वाजवून घेणं थोड्याच कंपन्यांना परवडतं. अमेरिकेत त्यात संघटनेचाही पेच होता. तिथल्या वादक संघाचा आणि गेम कंपन्यांचा करार जमेना, म्हणून कामं युरोपात गेली आणि 'द बॅनर सागा'चं संगीत संघाबाहेरच्या वादकांकडून करून घेतल्याबद्दल ऑस्टिन विंटोरी यांच्यावर त्यांच्याच संघाने कारवाईचा बडगा उगारला.

चिप मात्र मेली नाही, ती आवड म्हणून उरली. 2014 च्या 'शॉवेल नाइट'साठी जेक कॉफमन यांनी फॅमिकॉमच्या काळातल्या चिपच्या मर्यादा आपणहून पत्करल्या, कुणी सक्ती केली नसताना. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत 2023 साली पहिल्यांदा गेमसंगीत घेतलं, ते कोंदोंची मारिओची धून. 2025 साली त्याच यादीत 'माइनक्राफ्ट'चा अल्बम आला, तोही एकट्या माणसाने संगणकावर केलेला.

'द बॅनर सागा'च्या त्याच विंटोरींचं 'जर्नी' या गेमचं संगीत 2012 चं. ग्रॅमीच्या चित्रपट-दूरचित्रवाणीच्या पार्श्वसंगीत विभागात नामांकन मिळालेलं ते पहिलं गेमसंगीत. वाळवंटातून एका पर्वताकडे चालत जायचं, बोलणं नाही, लिखाण नाही. सुरुवातीला एकटा चेलो. तो चेलो म्हणजे तुम्ही, बाकीची वाद्यं म्हणजे भोवतालचं जग. वाद्यवृंद स्कोप्ये इथला, मॅसिडोनियाच्या रेडिओचा. तुम्ही वाळूत बसून राहिलात तर संगीतही बसून राहतं. या गेमची एक मैफल शिकागोच्या फिफ्थ हाउस आन्साम्बल या छोट्या वादकसमूहाने केली आहे. पडद्यावर कुणीतरी प्रत्यक्ष खेळत असतं आणि वादक समोर बसून त्याला साथ देतात. स्वरलिपी खंडांत लिहिलेली असते. खेळणारा चुकला, रमला, उलटा फिरला तर तोच खंड पुन्हा वाजवायचा आणि तो कड्यावरून उडी मारतो त्या क्षणी पुढच्या खंडावर जायचं. वादकांचे डोळे पानावर कमी आणि पडद्यावर जास्त असतात.